चिमणीपेक्षा मोठा, साळुंकीपेक्षा लहान

पहाटे ५.१५

माघातल्या पहाटे जुन्नरला थंडी चांगलीच बोचते. स्वेटरवर शाल घेऊन मी पिशवी भरते: दुर्बीण, पाण्याच्या बाटल्या, भाकरी, ठेचा, कोऱ्या वह्या आणि दोऱ्याला बांधलेल्या पेन्सिली. पक्षी दाखवणं हे माझं काम. आज पुण्याच्या एका कॉलेजातले प्राणिशास्त्राचे विद्यार्थी यायचेत. दिवसभरात जुन्नरचा किल्ला, माळ, डिंभ्याचं पाणी आणि आहुप्याचं टोक, एवढं सगळं बघायचं आहे.

वह्यांवर रात्रीच रेघा मारून ठेवल्या आहेत. पहिला रकाना आकाराचा. त्यानंतर चोच, शेपटी आणि पाय. मग पक्षी करतोय काय, हा रकाना. रंग त्याच्याही पुढे आणि नाव सगळ्यात शेवटी. नवीन मुलं हमखास उलट्या टोकाने सुरुवात करतात. पक्षी दिसला की ‘काहीतरी तपकिरी होतं’ म्हणतात आणि लगेच नावाकडे धावतात. तपकिरी तर अर्धं रान आहे. शिवाय रंग उन्हाप्रमाणे पालटतो, नर-मादीत वेगळा असतो, पिल्लात वेगळा, विणीच्या दिवसांत आणखी वेगळा. वाढ झालेला पक्षी मात्र सकाळी जेवढा असतो तेवढाच संध्याकाळी असतो.

६.१५, एसटी स्टँड

मुलं उतरतात ती फोन हातात धरूनच. फोटो काढला की नाव सांगणारं ॲप प्रत्येकाकडे आहे. ‘दुपारपर्यंत ते पिशवीत ठेवा’, असं मी सांगते. दोघा-तिघांची तोंडं पडतात, पण ऐकतात.

चहा येईपर्यंत पहिला पाठ इथेच होतो, कारण लागणारी सगळी मापं स्टँडवर हजर आहेत. पत्र्याखाली चिमण्या, तारेवर बुलबुल, कचऱ्यापाशी साळुंक्या, जुन्या इमारतीच्या खिडकीत पारवे, टपरीमागे कावळे आणि उजाडता उजाडता वर घिरट्या घालणारी घार. डॉ. सालिम अली यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक १९४१ साली निघालं. त्यात प्रत्येक पक्ष्याचा आकार असाच ओळखीच्या पक्ष्याशी ताडून दिलेला आहे. बुलबुलाएवढा असेल तर तसं, त्याहून थोडा मोठा असेल तर अधिकचं चिन्ह, लहान असेल तर उण्याचं. इतक्या साध्या युक्तीने पक्षी ओळखणं सामान्य माणसाच्या हाती आलं. दुर्बिणीतून पट्टी लावता येत नाही, पण मनातली चिमणी कुठेही नेता येते.

“कावळा केवढा असतो, हाताने दाखवा,” मी म्हणते. सगळे हात गरजेपेक्षा जास्त फाकतात. मग आकडे लिहून देते. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत चिमणी सुमारे १५ सेंटिमीटर, बुलबुल २०, साळुंकी २३, पारवा ३३, गावकावळा ४३, घार ६१. एक सावधगिरीही सांगावी लागते. हे माप शेपटीसकट असतं, त्यामुळे लांब शेपटीचा पक्षी कागदावर मोठा आणि डोळ्याला लहान वाटतो. टकाचोर लांबीला कावळ्याहून जास्त भरतो, पण त्यातली निम्मी शेपटीच असते. म्हणून आकाराच्या रकान्यात ‘अंग साळुंकीएवढं, शेपटी लांब’ असं लिहायचं.

७.००, शिवनेरी

पायऱ्या चढताना मुलं वर किल्ल्याकडे बघतात. मी त्यांना कड्याकडे बघायला लावते. सकाळचं ऊन कातळावर पडलं की भिंतीजवळ लहान लहान पक्षी भिरभिरू लागतात आणि पहिल्या नजरेला सगळे सारखेच दिसतात. इथे आकाराचं माप थिटं पडतं, सगळे चिमणीच्या आसपासचेच. मग पंखांची घडण बघायची. कोयत्यासारखे बाकदार, ताठ पंख आणि बुडावर पांढरा पट्टा असेल तर ती पाकोळी. ती तारेवर किंवा फांदीवर कधी बसत नाही, तिचे पाय नुसते भिंतीला लटकण्यापुरते असतात. शेपटी दुभंगलेली, पंख मऊ फडफडणारे आणि बूड तांबूस असेल तर ती भिंगरी, आणि ती खुशाल तारेवर बसते. तिसरा पक्षी पूर्ण धुरकट तपकिरी, चिमणीहूनही छोटा, कड्याला चिकटून संथ तरंगणारा. तो वळताना शेपटी पसरतो तेव्हा तिच्यात पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ चमकून जाते. ती ओळ दिसेपर्यंत थांबायचं. लेण्यांच्या छताला मातीची अर्धी वाटी चिकटवून घरटं करणारी ही कड्यावरची भिंगरी.

तटाच्या एका दगडावर निळा कस्तूर बसलाय. हिवाळ्याचा पाहुणा. सावलीत तो काळा दिसतो, उन्हात आला की निळा. एक मुलगी वहीत ‘साळुंकीएवढा, किंचित लहान, ताठ बसतो, चोच सडपातळ’ असं लिहून रंगाचा रकाना मोकळा ठेवते. तिचं मी मोकळेपणाने कौतुक करते. तेवढ्या चार गोष्टींवरून कस्तूर नक्की होतो.

वर आभाळात घारी आहेत. घारीची शेपटी दुभंगलेली असते हे सगळ्यांना सांगून झालं, तेव्हा एक मुलगा विचारतो, “ताई, गिधाड दिसेल?” मी त्याला आकार सांगते. लांब चोचीच्या गिधाडाचे पसरलेले पंख दोन मीटरच्या पुढे जातात, घार त्याच्या शेजारी पोरासारखी दिसते. पांढरं गिधाड त्यामानाने छोटं, जवळपास घारीएवढंच, पण त्याची शेपटी पाचरीसारखी निमुळती. सह्याद्रीचे कडे गिधाडांचेच होते. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं, मूत्रपिंडं निकामी झाली आणि १९९० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत देशातली बहुतेक गिधाडं संपली. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तरी मी प्रत्येक घार मोजूनच घेते. एखाद्या सकाळी त्यातली एक घारीपेक्षा फार मोठी निघावी, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

९.३०, काटेसावर

गावाबाहेर ओढ्याकाठी एक काटेसावर आहे. माघात तिला एक पान नसतं, नुसती लालभडक फुलं. पाखरू शिकवायला याहून चांगली जागा मला सापडलेली नाही. आडोसा नाही, सगळे मधासाठी एकाच झाडावर येतात आणि लहानमोठे शेजारी शेजारी बसतात.

आम्ही सावलीला बसून तासभर हे झाड वाचतो. फुलाच्या कडेला लटकलेला शिंजीर चिमणीहून पुष्कळ लहान, चोच खाली वाकलेली. त्याच्याजवळ लालबुड्या बुलबुल, आणि त्याच मापाचा पण डोक्यावर टोकदार तुरा असलेला शिपाई बुलबुल. पुढच्या फांदीवर मैनांचा गोंधळ. साळुंकीला डोळ्याभोवती पिवळी कातडी. भांगपाडी मैना तिच्याहून बारीक, काळ्या केसांची शेंडी मागे सारलेली. आणि एकदम थव्याने उतरणाऱ्या भोरड्या, अंग फिकट गुलाबी, डोकं आणि पंख काळे. या हिवाळ्यापुरत्या येतात आणि ज्वारीच्या शेतकऱ्याला नकोशा होतात. पण टोळ आणि नाकतोडे खाण्यातही त्यांचा हात कुणी धरत नाही, हे शेतकऱ्यांनाही सांगायला हवं.

वरच्या फांदीवर कोतवाल. “हा केवढा?” मी विचारते. कुणी कावळा म्हणतं, कुणी साळुंकी. तेवढ्यात एक साळुंकी उडून त्याच्या शेजारी बसते आणि उत्तर समोर येतं. अंग तिच्याहून सडपातळ, पण दुभंगलेल्या लांब शेपटीमुळे लांबी पारव्याच्या जवळ. मग डोमकावळा येतो आणि सगळं झाड आकसतं. गावकावळ्याची मान राखाडी, हा सबंध काळा, चोच जाड, कपाळ उंच. दोघे शेजारी नसतील तर आकारातला फरक सांगणं अवघड, म्हणून मानेकडे बघायचं.

एवढ्यात झाड एकदम रिकामं होतं. शिक्रा आला. पारव्याएवढा, छातीवर आडव्या रेघा. शिक्र्याची मादी नराहून मोठी असते, त्यामुळे एकाच जातीचे दोन पक्षी दोन मापांचे दिसतात. आणि हुबेहूब असाच दिसणारा पावशाही आपल्याकडे आहे, तेवढाच आकार, तशाच रेघा, तसंच उडणं. छोटे पक्षी दोघांनाही घाबरतात, त्यात पावशाचा फायदाच, कारण त्याला सातभाईंच्या घरट्यात अंडी घालायची असतात. वेगळेपण चोचीत: शिक्र्याची आकड्यासारखी, मांस फाडायची, पावशाची साधी, सुरवंट उचलायची.

११.१५, माळ

जुन्नरच्या पूर्वेला जमीन उघडी पडत जाते. एका जागी पंख फडफडवत आभाळात थांबणारे दोन पक्षी मुलांना दिसतात. कापशी आणि खरूची. दोघांची लांबी जवळजवळ सारखी, तेव्हा आकाराचा रकाना काही कामाचा नाही. कापशी पांढरी, खांदे काळे, डोळे लाल, शेपटी आखूड. खरूची विटकरी, शेपटी लांब आणि तिच्या टोकाला काळा पट्टा.

माळावर टिटवी आणि माळटिटवी एकाच नजरेत मिळाल्या तर नशीबच. आज मिळतात. टिटवी पारव्याएवढी, डोळ्यापुढे लाल मांसल कातडी. माळटिटवी तिच्याहून लहान, कातडी पिवळी आणि आवाज किती मवाळ.

इथे आमचा मुक्काम चंडोलासाठी. डोक्यावर तुरा असलेला, ढेकळाच्या रंगाचा, चिमणीएवढा किंवा तिच्याहून किंचित लहान. पोट तांबूस, छातीवर रेघा थोड्या आणि बारीक. मुलांना हे सगळं सविस्तर लिहायला लावते आणि चोचीचं चित्र काढून घेते. का, ते संध्याकाळी.

१२.४५, घोडेगावच्या वाटेवर

आंब्याखाली भाकरी सोडतो. शेतकडेला सात-आठ मोठे राखी सातभाई पाला उलटतायत, साळुंकीहून मोठे, कपाळ फिकट, शेपटीच्या कडा पांढुरक्या. त्यांच्यावरून मी कर्नल विल्यम हेन्री साईक्सची गोष्ट सांगते. हा माणूस मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत या मुलखात फिरला. नाणेघाटातल्या सातवाहनांच्या शिलालेखांची पहिली नोंद जगासमोर आणली ती त्याने, १८२८ मध्ये तो तिथे गेला होता. जुन्नरच्या लेण्यांतले लेखही त्याने उतरवून घेतले. आणि १८३२ साली त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनमध्ये छापली.

आज सकाळपासूनच्या आपल्या वह्या काढा म्हटलं. समोरचा राखी सातभाई, कड्यावरची धुरकट भिंगरी, माळावरचा चंडोल, ओढ्यातला वंचक, ज्वारीत ‘टी-टी’ करणारे राखी वटवट्या आणि साधा वटवट्या, या सगळ्यांना शास्त्रीय नाव पहिल्यांदा दिलं ते साईक्सने, त्या एकाच यादीत. त्यातल्या कितीतरी पाखरांना इथले गुराखी त्याच्या आधीपासून ओळखत होते, नाव घेऊन हाक मारत होते, हेही मी सांगते. पण चोच, पंख आणि शेपटी मोजून ती कागदावर उतरवली म्हणून जगाला कळलं की ही पाखरं वेगळी आहेत. मला ह्या माणसाबद्दल आदर वाटतो. शिलालेख आणि वटवट्या, दोन्हीकडे त्याने सारख्याच बारकाईने बघितलं.

२.००, डिंभे

घोड नदीवरचं हे धरण. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे, ते इथल्याच आंबेगाव तालुक्यातले. पाणी ओसरलं की काठाला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो आणि त्यावर पांढरे बगळे.

“किती जाती आहेत?” सगळ्यांचं उत्तर एकच, बगळा. मी तिपाई रोवते, मोठी दुर्बीण लावते आणि घाई न करता बसते, कारण इथे आकार शिकायचा तर उभं राहून होत नाही.

म्हशीच्या पायाशी गाय बगळा. चोच पिवळी, मान आखूड, हनुवटी भरलेली. त्याच्यापलीकडे पाण्यात पाय ढवळणारा लहान बगळा, चोच काळी, पाय काळे आणि पावलं पिवळी, पाय उचलला की लगेच कळतं. खोल पाण्यात एकटा उभा तो मोठा बगळा. त्याची मान इतकी लांब की मध्ये एक गाठ पडल्यासारखी दिसते आणि तोंडाची फट डोळ्याच्या मागेपर्यंत जाते. चौथा मध्यम बगळा, तो खरा कस पाहणारा. चोच मोठ्यासारखीच पिवळी, उंची मधली, आणि तोंडाची फट डोळ्याखालीच संपते. एकटा असेल तर भलेभले गोंधळतात. म्हणून शेजारी बघायचा. काठावर राखी बगळा उभा आहे ना? जो पांढरा त्याच्या खांद्याला खांदा लावतो तो मोठा. जो त्याच्यापुढे स्पष्ट खुजा दिसतो तो मध्यम.

इथेच एक सूक्ष्म गोष्ट सांगते, जी अनुभवी लोकांनाही चकवते. खूप जवळ आणणाऱ्या दुर्बिणीत अंतर चेपलं जातं. एकाच जातीचे दोन पक्षी पुढेमागे उभे असले तर मागचा मोठा वाटतो. तेव्हा तुलना फक्त एका ओळीत, एकाच अंतरावर उभ्या असलेल्या दोन पक्ष्यांची. मुलं आळीपाळीने दुर्बिणीला डोळा लावतात. “अरे, खरंच मागचा मोठा दिसतो!” मग तो मागचा बगळा चालत पुढे येतो आणि त्यांच्या डोळ्यांदेखत लहान होतो. हे स्वतः पाहिल्याशिवाय कुणाला पटत नाही.

खुंटावर पंख वाळवणारे पाणकावळे, सूर मारणारा कवड्या धीवर, हळदी-कुंकू बदकांची एक जोडी. बदकाच्या काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके आहेत, ते दिसताच नाव का पडलं ते मुलांना आपोआप कळतं. चिखलावरच्या तुतवारांकडे आज वळत नाही, त्यांना एक सबंध दिवस द्यायला हवा.

४.१५, आहुपे

घाटमाथ्याचं शेवटचं गाव. पलीकडे कडा तुटून खाली कोकण. बाजूला देवराई. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ सालचं, शेकरूसाठी राखलेलं, आणि इथलं रान त्याच रांगेतलं.

सड्यावर पुन्हा तुऱ्याचा चंडोल. मुलं सकाळची वही उघडतात आणि गप्प होतात. सगळं तेच, तरी हा तो नाही. हा अंगाने थोराड, चोच लांब, छातीवर रेघा ठळक आणि दाट, पोट तांबूस नाही तर पांढुरकं. माळावरचा होता साईक्सचा चंडोल, हा मलबारी. एक कोरड्या दख्खनचा, एक पावसाच्या सह्याद्रीचा. जुन्नर-आंबेगाव हे दोन्हींच्या सीमेवर वसलंय आणि म्हणून एका दिवसात दोन्ही भेटतात. दोन सेंटिमीटरचा फरक आहे, पण त्यामागे पाऊस, गवत आणि मातीचा सगळा फरक उभा आहे.

धायटी फुलली आहे. तिच्यावर शिंजिराहून मोठा, गळा-छाती रक्तासारखी लाल आणि त्यात पिवळ्या बारीक रेघा असलेला पक्षी येतो, पोट राखाडी. हाही साईक्सच्याच यादीतला आणि सह्याद्रीच्या या उत्तरेकडच्या पट्ट्याबाहेर जगात कुठे नाही. मुलं आनंदाने एकमेकांचे हात धरतात.

लाकडाचा भारा घेऊन एक आजी येतात. टेकायला थांबतात. “काय बघताय पोरींनो?” पक्षी म्हटल्यावर त्या रानाकडे हात करतात. “सकाळी तिथं चकोत्री व्हती. कोंबडीपरीस बारीक, तित्तरापरीस थोर, तांबडी. नराच्या पायाला दोन-दोन काटं असत्यात, हात लावायचा न्हाई.” मी मुलांना म्हणते, हे शब्दाला शब्द उतरवून घ्या. पुस्तकात याहून नेमकं वर्णन नाही. एक मुलगी वहीत लिहिते: कोंबडी उणे, तित्तर अधिक. आजींना विचारते, “कुणी शिकवलं?” त्या म्हणतात, “शिकवायचं काय त्यात? दिसतं की.”

५.४५

परत. सूर्य टेकला की उसाच्या रस्त्याला थांबायचं नाही, पायी तर नाहीच. जुन्नर-आंबेगावात बिबट्या उसात राहतो, तिथेच पिल्लं वाढवतो. इथे लहानपणापासून सांगतात, अंधारात रानात वाकून किंवा बसून राहू नये, बसलेला माणूस त्याला लहान जनावराएवढा दिसतो. मुलं खिडक्या लावून घेतात. तारेवर पिंगळा दिसतो, साळुंकीएवढा, गोल डोक्याचा. गाडीतूनच तो वहीत जातो.

८.३०, घरी

मुलं घोडेगावला मुक्कामी. मी यादी पुरी करायला बसते. प्रत्येक नोंदीपुढे जागा, वेळ, संख्या. जे नक्की नाही त्याचं नाव लिहीत नाही, फक्त आकार लिहिते. तेवढीही नोंद पुढे उपयोगी पडते.

नऊला फोन. नारायणगावकडच्या एका शेतकरी काकांचा.

“ताई, कांद्याच्या चाळीत काहीतरी शिरलंय. पोरं काठी घेऊन निघालीत. अपशकुनी म्हणतात.”

“काका, आधी काठी खाली ठेवायला सांगा. केवढं आहे? पारव्याएवढं?”

“पारव्याहून थोडं थोर. कावळ्याएवढं न्हाई.”

“तोंड?”

“पांढरं. बदामासारखं. डोळे काळे.”

“गव्हाणी घुबड आहे, काका. एक जोडी राहिली तर तुमचे चाळीतले उंदीर वर्षभर तीच सांभाळेल. त्याला मारणं, पकडणं १९७२ च्या कायद्याने गुन्हाही आहे, पण ते नंतर. कोपऱ्यात पिल्लांचा फुसफुस आवाज येतोय का बघा.”

फोन बाजूला ठेवून ते आत जातात. बराच वेळ नुसता पायांचा आवाज.

“येतोय की. साप हाय म्हणून पोरं भ्यालीत.”

“साप नाही. पिल्लं आहेत. दिवे मालवा, दार आहे तेवढंच उघडं ठेवा आणि सगळे बाहेर या. मी सहाला पोहोचते.”

मुलांना निरोप धाडते: उद्या शिरोलीचा ओढा रद्द, आधी नारायणगाव, कांद्याची चाळ. वही आणा, आवाज करू नका.